कावळे हाकणारा जॉर्ज

ज्वारीच्या कणसात दाणा भरला की आपण शेतात माळा बांधतो. घरातले पोर गोफण घेऊन माळ्यावर चढते आणि दिवसभर पाखरे हाकते. हे काम आपल्याला नवे नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ते केले आहे, आणि त्याच पायी शाळा बुडवली आहे.

इंग्लंडातही असे काम असे. पेरलेला गहू कावळे मातीतून उकरून खात. त्यांना हाकायला मालक लोक लहान मुले मजुरीवर ठेवीत. मुलाने उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत शेतात फिरायचे, ओरडायचे, लाकडी खुळखुळा वाजवायचा. सोबतीला कोणी नाही. पाऊस आला तर कुंपणाच्या आडोशाला अंग चोरून बसायचे.

१८५६ साली नॉरफोक नावाच्या परगण्यात असा एक मुलगा कावळे हाकत होता. त्याला सहावे वर्ष चालू होते. आठवड्याचे सातही दिवस काम, आणि आठवड्याची मजुरी एक शिलिंग. मुलाचे नाव जॉर्ज एडवर्ड्स.

हाच मुलगा पुढे शेतमजुरांच्या संघटनेचा चिटणीस झाला. सत्तरीला टेकल्यावर तो इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून गेला. पण नुसते तेवढे सांगण्यासाठी आम्ही त्याची गोष्ट घेतलेली नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत या माणसाला वाचता येत नव्हते. त्याला वाचायला शिकवले ते त्याच्या बायकोने. ती हकिगत आपल्या वर्गात बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असावी, म्हणून हा पाठ.

पाच सलगम

आधी त्या मुलुखाची रीत समजून घेऊ. इंग्लंडात जमीन थोड्या बड्या जमीनदारांच्या हातात होती. ते ती खंडाने शेतकऱ्यांना देत. हे शेतकरी आपल्यासारखे दोन-चार एकरवाले नव्हते. शेकडो एकर एकेकाच्या ताब्यात. राबायला मजूर. मजुराला स्वतःची जमीन नाही. पुष्कळदा राहते घरही मालकाचेच. काम सुटले की त्या दिवसापासून घरही सुटायचे. मग मालकापुढे तोंड उघडायचे कोणी?

जॉर्जचा जन्म ५ ऑक्टोबर १८५० रोजी मार्शम गावी झाला. बाप आधी फौजेत होता. परत आल्यावर शेतमजुरी करू लागला. आई घरी हातमागावर कापड विणी. बापाची मजुरी आठवड्याला आठ शिलिंग. शिलिंग हे त्यांचे तेव्हाचे नाणे. वीस शिलिंगांचा एक पौंड, आणि एका शिलिंगात बारा पेनी.

आठ शिलिंगांत काय येत होते? १८५४ साली रशियाशी लढाई सुरू झाली आणि धान्य महागले. चार पौंड वजनाचा मोठा पाव, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो, एक शिलिंगाला झाला. हिशेब करून पाहा. आठवडाभर राबून बापाने आणायचे ते आठ पाव. त्यात भाडे नाही, सरपण नाही, मीठ नाही, कपडा नाही. आणि खाणारी तोंडे घरभर.

१८५५ साली एके रात्री बाप कामावरून घरी येताना मालकाच्या शेतातले पाच सलगम घेऊन आला. सलगम म्हणजे मुळ्याच्या जातीचा गोल कंद. तिकडे तो गुरांना घालतात. पोरांना उकडून घालावेत, एवढाच विचार. तो पकडला गेला. न्यायाधीशाने चौदा दिवसांची सक्तमजुरी ठोठावली.

कायद्याने ही चोरीच. आम्हीही तिला दुसरे नाव देत नाही. पण ज्या गुरांचे सलगम त्याने उचलले, ती गुरे त्याच्या पोरांपेक्षा चांगली पोसलेली होती, हेही तितकेच खरे.

बाप तुरुंगात गेल्यावर आईने मुलांना काय घालायचे? त्या देशात निराधारांसाठी एक मोठी इमारत असे. तिला वर्कहाऊस म्हणत. आपण गरीबखाना म्हणू. नावावरून धर्मशाळा वाटेल, पण तिथली रीत तुरुंगासारखी होती. आत गेले की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. काम जड, अन्न मोजून. गरिबाने लाजेने तिकडे फिरकू नये, म्हणून मुद्दामच ती तशी ठेवलेली. जॉर्जची आई मुलांना घेऊन तिथे गेली. बाप सुटून आला, पण तुरुंगातून आलेल्या माणसाला कोण काम देतो? सारा हिवाळा त्यांनी गरीबखान्यातच काढला.

थंडी सरल्यावर कुटुंब बाहेर पडले आणि जॉर्ज कावळे हाकायला लागला. पहिला शिलिंग त्याने आईच्या हातावर ठेवला. तो आनंद जॉर्जला म्हातारपणीही आठवत होता. पुढे एकदा शेतात त्याला झोप लागली. सहा वर्षांचे पोर ते, पहाटेपासून उभे. मालक आला, त्याने झोडपून काढले आणि वर दोन पेनी मजुरीतून कापून घेतले. म्हणजे शिलिंगाचा सहावा हिस्सा.

शाळेचे नाव कुठेच नाही. शाळा होत्या, पण शिलिंग सोडून शाळेत जाणे त्या घराला परवडत नव्हते.

शार्लटबाई

जॉर्ज मोठा झाला. कधी शेतात, कधी वीटभट्टीवर काम करू लागला. १८६९ साली तो एका पंथात शिरला. ख्रिस्ती लोकांतला हा गरिबांचा पंथ. त्यांची प्रार्थनामंदिरे साधी, बहुतेक मजुरांनी वर्गणी काढून बांधलेली. मोठे पाद्री गावोगाव पुरत नसत, म्हणून त्या पंथात कष्टकरी माणसेच उभी राहून प्रवचन करीत. दिवसा नांगर धरणारा रविवारी प्रवचनाला उभा राही. आपल्याकडे दिवसा औत हाकणारा माणूस रात्री भजनात अभंगाचे निरूपण करतो, तसे समजा. सभेत कसे बोलावे, चार माणसे कशी धरून ठेवावीत, वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा, हे शेतमजूर तिथे शिकले. पुढे युनियनचे पुष्कळ पुढारी याच शाळेतून निघाले.

१८७२ साली दोन गोष्टी घडल्या. जॉर्जचे शार्लट कॉर्क हिच्याशी लग्न झाले. आणि त्याच साली पंथाने त्याचे नाव प्रवचनकारांच्या यादीत घातले.

आता आली पंचाईत. प्रवचनाआधी ग्रंथातला भाग वाचून दाखवायचा असतो. भजनाच्या ओळी वाचून द्यायच्या असतात, म्हणजे लोक त्या गातात. आणि याला अक्षर येत नाही. नाही म्हणावे तर मनातली तळमळ स्वस्थ बसू देत नाही. हो म्हणावे तर लोकांपुढे फजिती.

मार्ग काढला शार्लटबाईंनी. त्यांना वाचता येत होते. रात्री कामधाम आटोपल्यावर त्या वाचून दाखवीत आणि जॉर्ज ऐकून ऐकून पाठ करी. भजने पाठ केली. ग्रंथातला भाग पाठ केला. पहिल्या प्रवचनाला तो उभा राहिला तेव्हा समोर ग्रंथ होता, पण म्हटले ते सारे तोंडपाठ होते.

मंडळी, हसू नका. वर्गात येण्यापूर्वी आपण काय करीत होतो ते आठवा. बसची पाटी शेजाऱ्याला विचारायची, पण विचारताना "चष्मा घरी राहिला" म्हणायचे. नावाची चार अक्षरे चित्रासारखी गिरवायची आणि तिला सही म्हणायचे. आम्ही वर्गात असे पुष्कळ पाहिले आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण त्यावर थांबूनही चालत नाही. जॉर्ज थांबला नाही.

पाठांतरावर किती दिवस निभावणार? शार्लटबाईंनी त्याला अक्षरे शिकवायला घेतली. दिवसभर राबून आलेला तरुण माणूस, डोळ्यांवर झोप, आणि शिकवणारी आपली बायको. पुरुषाच्या जातीला हे जड जाते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. तो रोज बसत राहिला. जी भजने आणि जे भाग पाठ होते, तेच छापलेले समोर धरून आधी ओळखीचा शब्द शोधायचा, मग त्याचे अक्षर धरायचे. हळूहळू सवय झाली. तोंडात होते ते डोळ्यांनी दिसू लागले.

वाचता येऊ लागल्यावर त्याला पुस्तकांची भूक लागली. पैसा कुठून आणायचा? त्याला तंबाखूची सवय होती. ती त्याने सोडली, आणि तंबाखूचे पैसे पुस्तकांकडे वळवले.

यापुढे आम्ही जॉर्जला "तो" म्हणणार नाही. संसारी माणूस झाला, चार लोकांत बोलू लागला. आता "एडवर्ड्स" म्हणू आणि मानाने बोलू.

चेस्टनटच्या झाडाखाली

आम्ही म्हटले की १८७२ साली दोन गोष्टी घडल्या. खरे म्हणजे तीन घडल्या. तिसरी घडली ती नॉरफोकपासून दूर, वॉरविकशायर परगण्यात.

त्याआधी शेतमजुरांनी एकत्र यायचे म्हणजे जिवावर उदार व्हायचे, अशी स्थिती होती. १८३३ साली डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा मजुरांनी मजुरी घटू नये म्हणून संघ काढला. गुपचूप शपथ घेतली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा देऊन समुद्रापार ऑस्ट्रेलियात धाडले. देशभर ओरड झाली, तेव्हा सरकारने माफी दिली. ते परत आले. पण भीती खेडोपाडी राहिलीच.

त्या भीतीवर मात करणारा माणूस वॉरविकशायरचा जोसेफ आर्च. कुंपणाची झुडपे छाटण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तोही त्याच पंथातला प्रवचनकार. वेल्सबोर्न गावच्या मजुरांनी त्याला बोलावले, म्हणाले, आमच्यापुढे बोला. ७ फेब्रुवारी १८७२ ची ती संध्याकाळ. त्याला वाटले होते, तीस-चाळीस माणसे येतील. जाऊन पाहतो तो शेकडो माणसे अंधारात चेस्टनटच्या मोठ्या झाडाखाली उभी. वेलांच्या काठ्यांना कंदील अडकवलेले. डुकरे कापायच्या लाकडी बाकावर उभा राहून आर्च बोलला. त्या एका रात्रीत दोन-तीनशे लोकांनी नावे दिली.

मार्चमध्ये त्यांनी संप केला. बारा शिलिंगांचे सोळा करा, ही मागणी. वर्तमानपत्रांतून बातमी गेली आणि शहरांतून मदत आली. मे महिन्यात साऱ्या देशाची शेतमजूर युनियन निघाली आणि आर्च तिचा अध्यक्ष झाला. वर्गणी आठवड्याला दोन पेनी. १८७४ पर्यंत सभासद ८६,००० वर गेले. पुष्कळ ठिकाणी मजुरी दोन-तीन शिलिंगांनी वाढली.

ती लाट नॉरफोकात पोहोचली. एडवर्ड्स त्याच साली युनियनचे सभासद झाले. म्हणजे लग्न, प्रवचन आणि युनियन, तिन्ही एका वर्षात. त्यात अक्षरओळख धरली तर चार.

पण लाट चढते तशी उतरतेही. १८७४ च्या मार्चमध्ये पूर्वेकडच्या परगण्यांतल्या मालकांनी उलट डाव टाकला. युनियन सोडाल तरच काम, असे म्हणून त्यांनी हजारो मजुरांना कामावरून काढले. याला टाळेबंदी म्हणतात. मजूर जुलैअखेरपर्यंत टिकले. त्यांना पोसता पोसता युनियनची तिजोरी रिकामी झाली आणि शेवटी हार पत्करावी लागली. त्यानंतर अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजांतून येऊ लागला. भाव पडले. मालकांनी मजुरी कापली. तरणी माणसे गाव सोडून शहरात गेली, कोणी समुद्रापार गेली. युनियन रोडावत गेली.

एक मात्र झाले. १८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या मजूर पुरुषांना मत मिळाले, आणि १८८५ साली आर्च नॉरफोकातूनच पार्लमेंटात निवडून गेला. बायकांना मत मिळायला मात्र १९१८ साल उजाडावे लागले, आणि तेही आधी फक्त तीस वर्षांवरच्या. शार्लटबाई अक्षर शिकवू शकत होत्या, पण मत देऊ शकत नव्हत्या.

पुन्हा आरंभ

१८८९ साली नॉरफोकातल्या मजुरांनी एडवर्ड्स यांना गाठले आणि म्हणाले, युनियन पुन्हा काढा. त्यांनी काढली, चिटणीस झाले, गावोगाव पायपीट केली. सातच वर्षांत, १८९६ साली, तीही बुडाली. आर्चची मोठी युनियनही त्याच साली संपली.

ही युनियन का बुडे? मालकांचा विरोध हे एक कारण. पण सगळा दोष मालकांवर ढकलून भागणार नाही. मजुरी वाढली की मजूर म्हणे, झाले काम, आता वर्गणी कशाला? आणि मजुरी उतरली की म्हणे, युनियनने काय केले, वर्गणी कशाला? दोन्हीकडून वर्गणी बंद. कारखान्यात हजार मजूर एका दरवाजातून आत जातात, एकमेकांना रोज भेटतात. शेतमजूर एका मळ्यावर चार, दुसऱ्यावर सहा, मधे दोन मैलांची वाट. चिटणिसाने प्रत्येकाच्या दारी जायचे, तेव्हा दोन पेनी हाती पडायच्या. आपल्या गावची सोसायटी किंवा बचत गट ज्यांनी चालवला आहे त्यांना हे दुखणे कळेल.

त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली. १८९४ साली एडवर्ड्स आपल्या भागाच्या लोकलबोर्डावर निवडून आले. त्या अधिकाराने ते गरीबखान्याच्या पंचमंडळावरही बसले. त्याला जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी ज्या पोराने आईचे बोट धरून गरीबखान्याचा उंबरा ओलांडला होता, तो आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. गरीबखान्यात कोंडण्यापेक्षा म्हाताऱ्यांना घरीच मदत द्या, म्हणून ते भांडत राहिले. कागद वाचता आले नसते, नियम समजले नसते, तर त्या टेबलाशी नुसते बसून काय होणार होते?

आता १९०६ साल. त्या साली निवडणूक झाली. मालकांच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून मजुरांना कामावरून आणि घरांतून काढल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. एडवर्ड्स यांना पत्रांवर पत्रे आली. पुन्हा युनियन काढा, तुमच्याशिवाय कोणी नाही. एडवर्ड्स पंचावन्न वर्षांचे. दोनदा हरलेला माणूस. आयुष्यभर राबून अंग थकलेले. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. पण नाही म्हणवेना.

२० जुलै १९०६ रोजी नॉर्थ वॉलशम गावच्या एंजल हॉटेलात बैठक झाली आणि युनियन तिसऱ्यांदा उभी राहिली. एडवर्ड्स चिटणीस. पगार आठवड्याला तेरा शिलिंग, म्हणजे शेतमजुराच्या मजुरीएवढाच. कचेरी ग्रेशम गावी त्यांच्या राहत्या घरात. हाताखाली त्यांच्या बायकोची भाची. दिवा, सरपण, कागद, सारे त्यातच.

एडवर्ड्स अंगाने लहानखुरे. ते सायकलीवर बसून गावोगाव जाऊ लागले. एका वर्षात हजारो मैलांचा फेरा झाला. तिकडचे रस्ते हिवाळ्यात चिखलाने भरतात, समुद्रावरून बोचरा वारा येतो. सभा बहुधा रात्री, कारण मजूर दिवसा मोकळा नसतो. सभा आटोपून अंधारात घरी परत. मग पत्रांची उत्तरे आणि वर्गणीचा हिशेब. जो माणूस एकविसाव्या वर्षी अक्षर ओळखत नव्हता, त्याच्या वहीत आता गावोगावच्या मजुरांची नावे आणि पेनी-पेनीचा जमाखर्च होता. हिशेब चोख असला तर लोक हरल्यावरही परत येतात. तो कच्चा निघाला तर जिंकल्यावरही टिकत नाहीत, असे आमचे मत आहे.

सेंट फेथ्सचा संप

सगळे गोड गोडच सांगितले तर ती खरी गोष्ट होणार नाही. १९१० च्या मे महिन्यात सेंट फेथ्स गावच्या १०५ मजुरांनी संप केला. मागणी किती? आठवड्याला तेराचे चौदा शिलिंग आणि शनिवारी दुपारी एकला सुट्टी. एक शिलिंग! मालकांनी बाहेरून माणसे आणली. मजूर आठ महिन्यांहून जास्त दिवस टिकले. युनियन त्यांना आठवड्याचे पैसे देत होती, आणि पैसा संपत चालला होता. तेव्हाच्या युनियनच्या कार्यकारी मंडळात बरेच जण मजूर नव्हतेच, लिबरल पक्षाचे शहरी हितचिंतक होते. त्यांनी संप मिटवायचे ठरवले. १९११ च्या आरंभी संप मोडला. मागणी मिळाली नाही आणि पुष्कळांना परत कामावर घेतले गेले नाही.

मजूर चिडले. पुढच्या बैठकीत त्यांनी जुन्या मंडळींना दूर केले. चिटणीस म्हणून एडवर्ड्स यांनाही बोल ऐकावे लागले. एडवर्ड्स जन्मभर लिबरल पक्षाचे. चार गोडीगुलाबीच्या गोष्टी करून मालकांना समजावता येईल, असे त्यांना पुष्कळ वर्षे वाटत आले होते. सेंट फेथ्सनंतर तो भरवसा कमी झाला, आणि पुढे ते मजूर पक्षात गेले. साठी उलटलेल्या माणसाने मत बदलणे सोपे नसते. संप लढवण्यात त्यांची काही चूक झाली का, यावर आजही दोन मते असू शकतील. आम्हाला वाटते, एक शिलिंगासाठी १०५ घरे उपाशी ठेवायची की हार मानायची, हा पेच बाहेरून सोडवायला सोपा आहे.

१९१२ साली शार्लटबाई वारल्या. चाळीस वर्षांचा संसार. दुसऱ्या वर्षी एडवर्ड्स यांनी चिटणिसाचे काम सोडले. बहुतेकांना वाटले असेल, म्हातारा आता बसला.

वेस्टमिन्स्टर

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी गव्हाची जहाजे शत्रू बुडवू लागला, तेव्हा सरकारला आपल्या शेतमजुराची किंमत कळली. १९१७ च्या कायद्याने शेतमजुराला आठवड्याला किमान पंचवीस शिलिंग ठरले, आणि मजुरी ठरवायला एक मंडळ नेमले. त्या मंडळावर मजुरांच्या बाजूने एडवर्ड्सही बसले. युनियनचे सभासद लाखावर गेले.

जुलै १९२० मध्ये दक्षिण नॉरफोकात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षातर्फे एडवर्ड्स उभे राहिले आणि निवडून आले. वय एकोणसत्तर. वेस्टमिन्स्टर म्हणजे लंडनमधली पार्लमेंटची जागा. कावळे हाकल्याला चौसष्ट वर्षे झाली होती.

पण युद्ध संपले तशी सरकारची आठवणही संपली. १९२१ साली तो कायदा रद्द केला. सेहेचाळीस शिलिंगांवर गेलेली मजुरी दोन वर्षांत पंचविसांवर आली. १९२२ च्या निवडणुकीत एडवर्ड्स पडले. १९२३ च्या मार्चमध्ये मालकांनी मजुरी आणखी कापून कामाचे तास वाढवायचे ठरवले, तेव्हा नॉरफोकात मोठा संप झाला. बाहत्तर वर्षांचे एडवर्ड्स त्यातही गावोगाव फिरले. एप्रिलमध्ये तडजोड झाली. पंचवीस शिलिंग आणि पन्नास तासांचा आठवडा. कापणी टळली, एवढीच मिळकत. त्यानंतरही अनेक संपवाल्यांना मालकांनी कामावर घेतले नाही.

त्या वर्षाच्या डिसेंबरात एडवर्ड्स पुन्हा निवडून आले. १९२४ साली मजूर पक्षाचे पहिले सरकार होते. त्याने मजुरी ठरवणारी मंडळे कायद्याने परत आणली, तेव्हा ते पार्लमेंटात होते. त्याच वर्षअखेरच्या निवडणुकीत ते पुन्हा पडले.

१९२२ साली त्यांनी आपली जीवनकथा छापली. बापाची गोष्ट त्यांनी लपवली नाही. पाच सलगम, चौदा दिवसांची शिक्षा, गरीबखाना, सगळे लिहिले. आणि आपल्याला अक्षर कोणी शिकवले तेही लिहिले.

१९३० साली राजाने त्यांना "सर" ही पदवी दिली. योगायोग असा की गरीबखाने चालवणारी जुनी पंचमंडळे त्याच साली कायद्याने बंद झाली.

६ डिसेंबर १९३३ रोजी फेकनम गावी सर जॉर्ज एडवर्ड्स वारले. वय त्र्याऐंशी. शार्लटबाईंना जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.